निरोगी गटातली माणसं

निकिताबरोबर लग्नाला जाणं म्हणजे डोक्याला ताप. आम्ही बाकीच्या बायका नवरीचं गंठण बघतो, साड्या बघतो, वाढपी आपल्या बाजूला कधी येतो त्याकडे लक्ष ठेवतो. ही पंगतीतली पोरं बघते. एखादं गुबगुबीत पोर दिसलं की हिचा घास हातातच थांबतो. मग हळूच त्याच्या आईशेजारी जाऊन बसणार आणि विचारणार, जन्माला आला तेव्हा वजन केवढं होतं, पोट भरल्यावर थांबतो का, तुम्ही नवराबायको नात्यातलेच का. सावेडीतल्या एका लग्नात तर मुलाच्या आजीने ही दृष्ट लावतेय म्हणून पोर उचलून थेट दुसऱ्या पंगतीत नेलं. मी तेव्हा पोट धरून हसले होते. आता तसं हसू येत नाही.

मी ग्रेस. नगरच्या एका महाविद्यालयात निकिता आणि मी एकाच विभागात आहोत. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या, पण आमच्या जिभेवरचं नगर काही जात नाही. मी नुसती शिकवते. निकिता शिकवतेही आणि संशोधनही करते. ती जनुकशास्त्रज्ञ आहे. पुण्याला पीएचडी, मग तीन वर्षं परदेशात, आणि नंतर सगळे वेड्यात काढत असताना नगरला परत. नवऱ्याचं, आदिनाथचं, नागापूरला वर्कशॉप आहे हे ती सांगायची ते कारण. खरं कारण वेगळं होतं.

तिचं काम मी माझ्या वर्गातल्या मुलांना सांगते तसं सांगते. अंगातली चरबी मेंदूला निरोप पाठवत असते की साठा आहे, आता पुरे कर. हा निरोप जिथे पोचायचा त्या मेंदूतल्या तारा बाळ पोटात असताना आणि जन्मानंतरच्या पहिल्या काळात ओढल्या जातात. काही बाळांत ती तार ओढलीच जात नाही. बटण दाबलं तरी घरात बेल वाजत नाही, तसं. मग ते मूल कितीही खाऊ दे, त्याच्या मेंदूच्या लेखी ते उपाशीच असतं. निकिताने पुण्यात हे उंदरांच्या पिल्लांवर बघितलं. डोळे न उघडलेल्या पिल्लांच्या मेंदूचे पापुद्रे काढून त्यात तारा कुठवर आल्यात ते मोजत तिची उमेदीची वर्षं गेली.

आपल्याकडे याचं कौतुक कुणाला? लोक तिला 'जाड्यांची डॉक्टर' म्हणायचे. सोसायटीतल्या बायका मेथीचं पाणी घेऊ की जिऱ्याचं, असं विचारायच्या. अनुदानासाठी मुलाखतीला गेली तर एका साहेबांनी ऐकवलं, बाई, आपल्या जिल्ह्यात पोरं हडकुळी आहेत आणि तुम्ही लठ्ठपणा घेऊन कुठे बसलात? निकिताने त्यांना शांतपणे सांगितलं की मी जे पोर बघितलंय ते उपाशीच होतं. साहेबांना ते कळलं नाही. मला कळलं होतं, कारण मला भीमाबद्दल माहीत होतं.

भीमा तिच्या थोरल्या बहिणीचा, चांगुणाक्काचा पहिला मुलगा. शेवगावच्या बाजूचं गाव, कापूस आणि तुरीचं रान, आणि घरातली जुनी रीत अशी की मुलगी द्यायची तर नात्यात. चांगुणाक्का आपल्या सख्ख्या मामाच्या घरात दिली होती. वर्षाच्या आत भीमा झाला. जन्मला तेव्हा बेताचाच होता. सहा महिन्यांनंतर त्याला भूक सुटली ती थांबेचना. आधी सगळ्यांना आनंदच झाला. खात्यापित्या घरचं पोर म्हणून त्याला गावभर मिरवलं, नावही त्यावरूनच पडलं. तिसऱ्या वर्षी त्याला धड चालता येईना. चुलीजवळचं कच्चं पीठ तोंडात कोंबायचा, गव्हाणीतली पेंड खायचा. मग घरात कड्या-कुलपं आली. आक्का त्याला भाकरी देत नव्हती म्हणून सासू बोलायची आणि देत होती म्हणून डॉक्टर बोलायचा. पाच वर्षांचा झाला आणि साध्या सर्दीतून छाती भरून गेला. निकिता तेव्हा दहा वर्षांची होती. त्याला स्वयंपाकघरापासून लांब ठेवायचं काम सुट्टीत तिच्याकडे असायचं. 'तो हट्टाने रडत नव्हता गं,' ती मला एकदा म्हणाली होती, 'खरोखर भूक लागलेलं माणूस रडतं तसं रडायचा.' ती नगरला परत आली ती या रडण्यामुळे.

भीमाच्या दहाव्याला आणखी एक गोष्ट झाली. मधला भाऊ गहिनीनाथ तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा. बहिणीची अवस्था त्याला बघवेना. सगळ्या भावकीसमोर त्याने आक्काचे पाय धरले आणि म्हणाला, आक्का, मला पोरगी झाली तर तुझ्याच घरात देईन. पोरसवदा माणसाचा शब्द, पण दिला होता दहाव्याच्या घाटावर. आमच्या या भागात असा शब्द कुणी विसरत नाही. पुढे आक्काला दोन मुलींनंतर पार्थ झाला, तो मात्र अगदी धडधाकट. काही वर्षांनी गहिनीनाथला मोनिका झाली. बारशालाच लोक तिला आक्काची सून म्हणायला लागले.

निकिता परत आल्यावर तिने गावोगाव फिरून अशी भुकेली मुलं शोधायला सुरुवात केली. भीमाच्या आजाराची जी जनुकं तेव्हा ठाऊक होती ती तिने आक्काच्या रक्तात तपासली. काही सापडलं नाही. आता अशा कामात आजारी मुलांच्या जोडीला निरोगी माणसांचंही रक्त लागतं, म्हणजे जो बदल आजाऱ्यात दिसतो तो बाकीच्यांत दिसत नाही हे दाखवता येतं. पण निरोगी माणूस रक्त का देईल? गावात गाडी गेली की लोक घरात जायचे. उपाशी पोटी या म्हणून सांगितलं तर एकादशीला बायका खिचडी खाऊन आल्या, उपास तर होताच म्हणाल्या. शेवटी निकिताने तेच केलं जे आपल्याकडे रेशनकार्डापासून निवडणुकीपर्यंत प्रत्येक जण करतो. आपली माणसं गोळा केली. भाऊ, भावजय, चुलते, भाचे, सोयरे. आपली निकी म्हणतेय म्हटल्यावर सगळ्यांनी बाह्या वर केल्या. मी तिला तेव्हाच म्हटलं होतं की अगं, हे सगळे तुझेच. ती म्हणाली, निरोगी तर आहेत ना.

गेल्या वर्षी नागापूरच्या एका कामगाराचं पोर तिच्याकडे आलं. दोन वर्षांचं, हुबेहूब भीमा. त्याच्या आईबापांचंही नातं जवळचं होतं आणि मूळ शेवगावकडचंच. निकिताने त्याची सगळी जनुकं वाचून घेतली आणि त्यात एक बदल सापडला, जो अजून कुणी नोंदवलेला नव्हता. ज्या जनुकामुळे तार ओढली जाते त्यातच. आई आणि बाप दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आलेली. मला तिने प्रयोगशाळेत बोलावून पडद्यावर दाखवलं. इतक्या वर्षांत तिला एवढं खूश मी बघितलं नव्हतं. आता फक्त निरोगी गटात हा बदल नाही एवढं दाखवायचं होतं.

निरोगी गटात तो निघाला. एकात नाही, बऱ्याच जणांत. यंत्राची चूक म्हणून तिने पुन्हा केलं, मग पुण्याहून करून आणलं. मग स्वतःचं रक्त तपासलं आणि तिच्यातही एक प्रत निघाली. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला की आपण निरोगी म्हणून जे गोळा केलेत ते भीमाचेच नातेवाईक आहेत. एक प्रत असलेल्या माणसाला काही होत नाही. त्याला आयुष्यभर कळतही नाही. पण अशी दोन माणसं एकत्र आली तर त्यांच्या दर मुलामागे चारातला एक संभव भीमाचा.

दुसरी एखादी असती तर तिने हळूच दुसरा गट शोधला असता. निकिताने उत्साहात आधीच एका नियतकालिकाला पाठवलेला लेख स्वतः परत मागवला आणि संपादकांना लिहून टाकलं की माझा निरोगी गट म्हणजे माझं स्वतःचं घर आहे, चूक माझी. मी तिच्यावर चिडले. एवढं खरं बोलायला कुणी सांगितलं होतं? ती म्हणाली, 'ग्रेस, मला लेखाचं काही वाटत नाही. दादाचा सकाळी फोन आला होता. पार्थ आणि मोनिकाची सुपारी ठरलीय.'

तिथून पुढचे दिवस वाईट गेले. नमुन्यांवर नावं नसतात, आकडे असतात, आणि कुठला आकडा कुणाचा हे पाहायला महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. ती मिळेपर्यंत निकिता धड जेवली नाही. वर्गात बोलता बोलता थांबायची. गाडी लावून किल्ली तशीच ठेवायची. दोघांतल्या एकात तरी नसेल, असं मला दिवसातून चारदा म्हणायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची, जसं काही मी मान हलवली की रक्त बदलणार होतं. परवानगी आली. पार्थमध्ये होता. मोनिकामध्येही होता.

समितीने सांगितलं, ज्याचं त्याला एकट्याला सांगा, त्याची इच्छा असेल तर, तिसऱ्याला नाही. नियम बरोबरच आहे. फक्त तो लिहिणारा कधी शेवगावकडे राहिला नसावा. मी म्हटलं, त्यात काय, सांगून टाक, लग्न मोडेल आणि सुटलो. निकिता माझ्यावर पहिल्यांदाच ओरडली. 'मोडल्यावर काय होईल? पार्थला महिन्याभरात दुसरी मुलगी मिळेल. मोनिकाबद्दल काय म्हणतील, सांग ना तू. आत्याच्या घराने नाकारली. हिच्यात दोष आहे, हिची पोरं तसली निपजतील. तिला पुन्हा कोण बघायला येईल?' चर्चमधल्या बायकाही याहून वेगळं बोलल्या नसत्या, हे मला ठाऊक होतं.

सुपारीचे कपडे घ्यायच्या निमित्ताने तिने दोघांना नगरला बोलावलं आणि माझ्या सावेडीच्या फ्लॅटवर आणलं. आधी पार्थ. तो नागापूरलाच एका कारखान्यात आहे, कामाला वाघ, बोलायला कमी. आतल्या खोलीतून बाहेर आला तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. मावशीला एवढंच म्हणाला म्हणे की आईला कळू देऊ नकोस. मग मोनिका गेली. ती बी.फार्म. झालेली, तिला समजवायला वेळ लागला नाही. पार्थचं तिला नियमाने सांगता येत नव्हतं, पण पार्थने स्वतःच बाहेर सांगून टाकलं. मग चौघं माझ्या टेबलाशी बसलो आणि मी उगाच चहा केला.

निकिताने त्यांना वाट नाही असं सांगितलं नाही. तिसऱ्या महिन्यात गर्भ तपासता येतो म्हणाली. मोनिकाने कपाकडे बघत विचारलं, 'म्हणजे दर वेळी तीन महिने जीव मुठीत धरून बसायचं, आणि मग तू फोन करणार, हो ना आत्या?' दोघं कपड्यांच्या पिशव्या घेऊन वेगवेगळ्या रिक्षांनी गेली. काय करणार ते कुणीच बोललं नाही.

सुपारीच्या दिवशी मला बरोबर चल म्हणाली. आदिनाथ गाडी चालवत होता, निकिता मागे माझ्याशेजारी बसून पदराचं टोक पिळत होती. तिची भीती मला तोंडपाठ झाली होती. दोघं गप्प राहिली तर सुपारी फुटेल आणि आपण पुढे आयुष्यभर पोट बघत बसू. मोनिका बोलली तर तिचं नाव जाईल. आपण बोललो तर पार्थला दिलेला शब्द आणि नियम दोन्ही जातील, आणि पोरीचं नाव तरीही जाईल. 'मी दहा वर्षांची होते तेव्हा मला वाटायचं कारण सापडलं की सगळं सुटेल,' ती म्हणाली.

अंगणात मांडव घातला होता. पाट, तांब्या, ताटात सुपारी, हळद-कुंकू. गहिनीनाथ नवा फेटा बांधून सगळ्यांच्या पाया पडत फिरत होता. खरोखर आनंदात होता तो. एवढ्या वर्षांचं ओझं उतरणार होतं. चांगुणाक्का, सहा वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून पांढऱ्यासारख्या फिक्या लुगड्यात, खांबाला टेकून बसली होती. कुणी काही विचारलं की हसायची. गावचे रंगनाथ पाटील म्हातारे, त्यांनी सुपारी उचलली आणि रीतीप्रमाणे विचारलं की कुणाचं काही म्हणणं हाय का.

मोनिका चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला. मी बघितलं, तिचं तोंड उघडलं होतं. पण त्याआधी पार्थ उठला.

'माझं हाय,' तो म्हणाला. 'मामा, माझ्या रक्तात दोष हाय. मावशीनं तपासलंय. माझी पोरं भीमादादासारखी व्हायची भीती हाय. मी मामाची पोरगी त्यात घालणार न्हाई.'

मांडवात गलका झाला. कुणी म्हणे पोराचं बाहेर काही असेल, कुणी म्हणे शिकलेल्यांची थेरं. मोनिका दारातून पुढे यायला लागली तर पार्थने तिच्याकडे नुसतं बघितलं आणि ती थांबली. हे दोघांचं आधी ठरलेलं नव्हतं, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. गहिनीनाथचा फेटा हातात आला होता. तो गर्दीतून वाट काढत निकितापुढे येऊन उभा राहिला.

'निके, हे खरं हाय का?'

'हाय, दादा.'

'आन माझ्या मोनीत? तिचंबी रक्त तू नेल्तं. तिच्यात तर काई न्हाई ना?'

गलका थांबला. बायका पदराआडून, पुरुष मान वर करून, सगळे निकिताकडे बघत होते. मी तिचा हात धरला होता. समितीने तिला शिकवलेलं उत्तर मला माहीत होतं: मी कुणाचंच सांगू शकत नाही. हे उत्तर त्या मांडवात दिलं असतं तर होय म्हटल्यासारखंच होतं. जी बाई आकड्यातला शेवटचा दशांश सोडत नाही, जिने स्वतःचा लेख स्वतः परत मागवला, ती भावाच्या डोळ्यात बघून म्हणाली, 'न्हाई, दादा. मोनिकात काई न्हाई.'

गहिनीनाथ मटकन खाली बसला आणि रडायला लागला. पोरगी सुटली म्हणून रडत होता की शब्द मोडतोय म्हणून, त्याचं त्यालाच ठाऊक. 'आक्का, म्या तुला भीमाच्या घाटावर शबूद दिल्ता,' एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

चांगुणाक्का खांबाला धरून उठली. ती आधी निकिताजवळ आली. जवळून, अगदी डोळ्यात डोळे घालून तिने धाकट्या बहिणीकडे बघितलं. निकिताला ती नजर पेलवली नाही. तिने मान खाली घातली. आक्काने तिच्या गालावरून हात फिरवला, मग पाटाकडे गेली, रंगनाथ पाटलांच्या हातातली सुपारी काढून घेतली आणि भावाच्या मुठीत ठेवली.

'ऊठ, गहिनी,' ती म्हणाली. 'तुझा शबूद म्या सोडला. पोरीला लांबच्या घरी दे. नात्यातल्या घरी देऊ नगं.'